करडीच्या तेलाची साखळी

ऊन धुतलेलं. आकाश धुतलेलं. ओढ्यातले दगडसुद्धा कुणी घासून, पुसून, पुन्हा जागच्या जागी मांडून ठेवल्यासारखे.

भाद्रपद सरत आला की बालाघाटाच्या पायथ्याचा हा माळ असा होतो. पाणी सांडून हलके झालेले ढग, कामावरून सुटलेल्या बायांसारखे, घाई नसल्यागत पूर्वेकडे निघतात. त्यांच्या सावल्या काळ्या रानांवरून सरकतात. सरकतात, थांबतात, पुन्हा सरकतात. ज्वारीच्या पेरणीची वाट बघत पडलेली रानं त्या सावल्या अंगावर घेतात आणि अंगावरून जाऊ देतात.

पांढरओहळ नावाचं गाव. गावाच्या कडेला पत्र्याचं घर. घरापुढं शेणानं सारवलेलं अंगण, अंगणात कडुनिंब, आणि कडुनिंबाच्या छायाजालात उभी असलेली एक सायकल.

हिरवी.

एके काळी हिरवी.

आणि त्या निळ्या-निवळ, नितळ, झळझळीत सकाळीत एकच गोष्ट काळीकुट्ट होती. सायकलची साखळी.

*

सोजर तिच्यासमोर उकिडवी बसली होती.

पन्नाशी मागं टाकलेली बाई. हातांना राखेचा वास, चिंचेचा वास, ओल्या पितळेचा वास. घासणं हा त्या हातांचा स्वभाव. तांब्या, परात, चूल, उंबरा, नातवंडांची ढोपरं, देव. घरातलं असं काही नव्हतं जे त्या हातांखालून गेलं नव्हतं. राहिली होती ती ही साखळी. हिला सोजरनं कधी घासलं नाही. हिला तिनं फक्त पाजलं.

दर साल. दसरा झाला की.

नवरात्रात देवीपुढं नंदादीप लागायचा. समई काठोकाठ, करडीच्या तेलानं भरलेली. वात रात्रंदिवस जागी. सोजर त्या वातीसोबत जागी. घट उठले की समईत तेल उरायचं, आणि त्या उरल्या तेलाचं काय करायचं हे सासूनं सांगून ठेवलं होतं. ते उकिरड्यावर ओतायचं नाही. मोरीत सोडायचं नाही. फोडणीला घ्यायचं नाही. देवीनं नऊ रात्री ज्याच्याकडं बघितलं ते तेल घरातल्या राबत्या वस्तूला घालायचं. दाराच्या बिजागरीला. विहिरीच्या रहाटाला.

रहाट गेला. बिजागरीला थेंब पुरतो.

मग उरलेलं सगळं सायकलच्या साखळीला.

ती ओतायची ती हात जोडून ओतायची. पदर खांद्यावरून घेऊन, ओठातल्या ओठात, 'आई, माझ्या माणसाला सुखरूप ने, सुखरूप आण' म्हणत ओतायची. सोनसळी धार. काळ्या साखळीवर सोनसळी धार. ती धार कड्याकड्यांतून झिरपायची आणि सोजरला वाटायचं, आता वर्षभर काळजी नाही.

तेलावर धूळ बसली. धुळीवर पुन्हा तेल बसलं. त्यावर वाटेवरची काळी माती, मातीवर पुन्हा भक्ती.

थर. थर. थर.

*

अंबऋषी, तिचा नवरा, ओट्यावर बसला होता. उजवा हात कोपरापासून प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेल्या सुती झोळीत. पाठ भिंतीला. तोंड उन्हाकडं.

डाळमिलच्या कामावरून सुटल्यापासून त्याचा नेम होता. तांबडं फुटलं की सायकल काढायची, ओढा ओलांडायचा, पलीकडच्या आपल्या रानाच्या तुकड्याला एक फेरी मारायची आणि चहाच्या वेळेला परत. रानात काम असो वा नसो. सायकलवरचा अंबऋषी वेगळाच दिसायचा. जमिनीवर तो बुटका, वाकलेला, खोकणारा माणूस होता. सायकलवर तो ताठ व्हायचा. उंच व्हायचा. वाऱ्याचा नातेवाईक व्हायचा.

आणि गेल्या पंधरवड्यात तो ओढ्याच्या पुलाजवळ पडला.

विचारपूस करायला आलेल्या माणसांपुढं खाटेवर बसून त्यानं सांगितलं, "काय न्हाई हो. चेन आटकली. हिच्या दिव्याच्या तेलानं पाडलं मला."

माणसं हसली. तोही हसला.

चहाचे कप घेऊन आलेली सोजर हसली नाही. तिनं कप ठेवले. ती आत गेली. आत, देव्हाऱ्यासमोर, ती बराच वेळ नुसती उभी होती. ज्या तेलात तिनं आपली सगळी काळजी कालवली त्याच तेलानं माणूस आपटला. मग इतकी वर्षं ते देवीपर्यंत पोचत होतं, की वाटेतच सांडत होतं? आपला हातच अपशकुनी, की आपली भक्ती?

देवी बोलली नाही. देवी कुणाच्याच प्रश्नाला लगेच बोलत नाही.

तेव्हा सोजरनं मनाशी ठरवलं: यंदा नंदादीप लावायचा नाही. घट बसवू, माळ चढवू, पण रात्रंदिवसाचा दिवा नाही.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, शेजारणीला नाही. घट परवावर आले होते आणि समई अजून फळीवर, कोरडी, कोळ्याच्या जाळ्यात.

आणि त्याआधी एक करायचं. आपण पाजलेलं सगळं आपणच काढायचं. कडीन् कडी.

*

"आता आरती ओवाळतीस काय चेनला?" ओट्यावरून आवाज. "उघड की."

"उघडू कुठनं? गोल हाय ही. ना तोंड, ना शेपूट."

"एक कडी येगळी असती. तिच्या अंगावर पत्री असती, माशावाणी. खरवडून बघ, घावंल."

सोजरनं पायडल फिरवलं. साखळी जड, आळसावलेली, पोटभर जेवून झोपी गेलेल्या सापासारखी पुढं सरकली. नखानं ती एकेक कडी खरवडत गेली. काळं मेण नखात भरलं. काळं, चिवट, कुबट गोडसर वासाचं. इतक्या वर्षांच्या नवरात्रांचा तो वास होता. आणि मग, त्या काळ्या चिखलात,

एक मासा.

नखाएवढा. पोलादी. डोकं गोल, शेपूट दुभंगलेली.

"घावला!" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात नकळत लहान पोर डोकावलं.

"त्याचं डोकं कुणीकडं हाय ते ध्यानात ठेव. मासा चाकाच्या चालीकडं तोंड करून बसतो. उलटा बशिवला की वाटंत सुटून जातो."

पेचकसाच्या टोकानं तिनं शेपटाला रेटा दिला. मासा निसटला, तिच्या तळहातावर येऊन पडला. आणि जी साखळी इतकी वर्षं गोल होती, आदि-अंत नसलेली, ती दातेरी चक्रांवरून ओघळत, घरंगळत, एका लांब काळ्या सुस्काऱ्यासारखी जमिनीवर उतरली.

*

द्वारका, शेजारीण, डिझेलचा डबा घेऊन आली. कुंपणावरच्या बायांच्या बोलण्याला जशी वेस नसते तशी तिच्या बोलण्याला नव्हती.

"घ्या बाई. आमच्या ट्रॅक्टरच्या तोंडचा घास काढून आणलाय. चेनला न्हाऊ घालणार म्हणं? बाळंतीण हाय व्हय ती?"

"बाळंतीण न्हाई, म्हातारी हाय," सोजर म्हणाली. "डोईला तेल थापून थापून जटा झाल्यात."

"मग जटा सोडव बाई. आणि आप्पांनी काय, नुसतं बसून हुकूम सोडायचा का?"

"आप्पांचा हात देवानं बांधलाय," अंबऋषी म्हणाला. "तोंड मोकळं ठिवलंय."

"तीच तर चूक झाली देवाची," द्वारका म्हणाली, आणि हसत, पदर झाडत निघून गेली.

*

जुन्या लोखंडी पाटीत डिझेल ओतलं. फिकट, मधासारखं, आरपार दिसणारं.

त्यात साखळी बुडवली.

क्षणभर काही झालं नाही. मग काळ्या कड्यांच्या फटींतून एक तपकिरी धूर उठला. पाण्यातला धूर. सावकाश, वेटोळी घेत, फुलत जाणारा. पाटीतल्या मधात संध्याकाळ झाली. संध्याकाळची रात्र झाली. आणि त्या रात्रीच्या वरच्या पापुद्र्यावर रंग आले: मोरपंखी, जांभळा, गुलाबी-हिरवा, हळदुला. कडुनिंबाच्या पानांतून पडलेला एक कवडसा त्या रंगांवर थरथरत राहिला.

सोजर बघत राहिली. इतकं काळं, आणि त्याला इतके रंग.

"भिजू दे," ओट्यावरून आवाज. "घाई करू नगंस. जे भिजत न्हाई ते निघत न्हाई."

भिजू दिलं.

मग तिनं काथ्या घेतला. जुना दात घासायचा ब्रश घेतला. फटींसाठी झाडूची एक काडी घेतली. पदर खोचला. आणि

कडी.

घास.

पुढली कडी.

घास.

"वरवर नगं. मधल्या रुळात खरी घाण असती. कडी वाकवून घास. हिकडं, मग तिकडं. पैंजण घासल्यावाणी."

पैंजण.

तिच्या पायात कधी काळी होते. रुपेरी, रुणझुणते, लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याचे. मग पाय राबते झाले, पैंजण ट्रंकेत गेले. तिनं साखळीची कडी तशीच चिमटीत धरली, वाकवली, आतून घासली, आणि काळ्यातून करडं निघालं, करड्यातून राखी, राखीतून

उजेड.

एवढासा. तांदळाएवढा. पण उजेड.

मग तिला नादच लागला. घासणाऱ्या हातांचा एक छंद असतो, तो तोंडाला ठाऊक नसतो. काथ्या, ब्रश, काडी. काथ्या, ब्रश, काडी. ऊन अंगणातून सरकलं. कोंबड्या येऊन बघून गेल्या. ढगाची एक सावली आली, साखळीवर बसली, उठून गेली. आणि सोजरच्या चिमटीतून एकेक कडी काळोखातून बाहेर येत राहिली, ओल्या अंगानं, डोळे मिचकावत.

प्रत्येक कडीपाशी ती थांबत होती. प्रत्येक कडी दोन बोटांत धरून वाकवून बघत होती. तिला एक कडी शोधायची होती. अटकलेली. वाकायला नकार देणारी. तिनं पाजलेलं तेल जिच्या सांध्यात दगड होऊन बसलं होतं आणि जिनं तिचा माणूस पाडला होता, ती कडी. ती सापडली असती तर सोजर तिला काय म्हणाली असती, कोण जाणे. कदाचित माफी मागितली असती. कदाचित नुसतंच धरून बसली असती.

ही जड आहे. पण वाकते.

ही कुरकुरते. पण वाकते.

ही. ही. आणि ही.

वाकते. वाकते. वाकते.

*

अर्धी साखळी झाली होती.

सोजर उठली. गुडघे मोडले, कंबर मोडली, पण तोंडावर हसू होतं. दोन्ही हात पसरून तिनं ती साखळी ओट्यासमोर धरली. तिच्या मागं आकाशभर ऊन. एका हातापासून मधोमध नवी, चांदण्यासारखी. मधोमधून दुसऱ्या हातापर्यंत जुनी, काजळासारखी. दिवस आणि रात्र एका दोरीवर वाळत घातल्यासारखी.

"बघा," ती म्हणाली. "कशी निघाली?"

अंबऋषीनं मान वर केली. डोळे बारीक केले. कपाळावर आठ्या आल्या. मग मिलमध्ये डाळीचा नमुना तपासावा तशा जाणत्या सुरात तो म्हणाला,

"बरी हाय. पण ह्या अंगाला किती घाण ऱ्हायलीय बघ की. हिकडं घास अजून."

आणि त्यानं डाव्या हाताचं बोट पुढं केलं.

उजळ बाजूकडं.

कडुनिंबाचं एक पिवळं पान सुटलं. गरगरत खाली आलं. सोजरला ते जमिनीला टेकेपर्यंतचा सगळा वेळ दिसला.

तिचे हात पसरलेलेच राहिले. आणि त्या पसरलेल्या हातांच्या मधोमध, त्या अर्ध्या दिवस अर्ध्या रात्रीच्या दोरीवर, गेल्या काही महिन्यांतल्या बारीकसारीक गोष्टी येऊन बसू लागल्या, तारेवर पाखरं बसावीत तशा. कॅलेंडरवरची तिथी 'तूच वाच गं' म्हणणारा नवरा. ओसरीवर कोण आलंय हे माणूस बोलेपर्यंत न ओळखणारा. ताटातल्या मिरचीला शेंग समजून चावणारा, आणि ठसका लागला तरी 'आज झणझणीत केलंस' म्हणून हसणारा. उंबऱ्यावर आधी पाय घासून मग टाकणारा.

तो त्या गोष्टी लपवत होता. ती त्या रोज बघत होती आणि बघत नव्हती.

सोजर ओट्याजवळ गेली. त्याच्या शेजारी बसली. साखळीची उजळ बाजू तिनं त्याच्या डाव्या हातात दिली.

"ही धरा."

त्याची बोटं कड्यांवरून फिरली. मिलची बोटं, डाळीचा एकेक दाणा न बघता पारखणारी. गुळगुळीत. कोरडी. सैल. ओळखीच्या माणसाचा चेहरा अंधारात चाचपावा तशी ती बोटं पुढं गेली, आणि पुढं, आणि मधोमध येऊन अडखळली. तिथून पुढं मेण होतं. चिकट, जाड, काळं.

बोटं थांबली.

बोटांनी मागं जाऊन पुन्हा बघितलं. उजळ. काळं. उजळ.

काळं.

मग त्याचा चेहरा, हळूहळू, दिवेलागणीला रान विझत जावं तसा विझत गेला.

*

"कवापासनं?" सोजरनं विचारलं.

त्यानं तोंड ओढ्याकडं वळवलं. ओढ्याचा आवाज येत होता. एरवी इथवर येत नाही तो, पण आज हवा निवळ होती.

"उन्हाळ्यापासनं," तो म्हणाला. "आधी वाटलं धुकं पडलंय. म्हटलं, चैतात कसलं धुकं?"

"आणि पुलाजवळ?"

"खडी टाकली हुती. रस्त्याच्या कामाची. ढीग." त्यानं डावा तळवा गुडघ्यावर घासला. "लोकांनी वळसा घातला, मी सरळ गेलो. चेन चालू हुती गं, सोजर. चांगली चालू हुती."

ऊन. अंगण. एक कोंबडी, एका पायावर उभी.

"माझ्या दिव्याच्या नावावर खपवलंत," ती म्हणाली. आवाज चढला नाही. पण त्याला धार होती, विळीसारखी, जागच्या जागी बसलेली. "चार माणसांत."

"काय म्हणणार हुतो मग? दिसत न्हाई म्हणून? दुसऱ्या दिवशी सायकल भंगारात गेली असती. मग मी..." वाक्य तिथंच थांबलं. डाव्या हातानं त्यानं हवेत काहीतरी चाचपल्यासारखं केलं. "आमची आई आठव. शेवटची सालं भितीला हात लावून फिरायची. ह्या खोलीतनं त्या खोलीत. भितीवर तिच्या हाताचा पट्टा पडला हुता. चुना मारला तरी दिसायचा."

सोजरला तो पट्टा आठवला. कमरेच्या उंचीचा, तेलकट, भिंतीवरून वाहणारा. सासूचा हात. चाचपडणारा, थकलेला, एकट्या नदीसारखा हात.

ती उठली. पाटीपाशी गेली. उकिडवी बसली. राहिलेली अर्धी साखळी डिझेलमध्ये सोडली.

कडी.

घास.

पुढली कडी.

घास.

पण आता ती काहीच शोधत नव्हती. आणि काही न शोधणारे हात किती हलके चालतात! जो दगड ती कड्यांच्या सांध्यांत हुडकत होती तो पंधरवडाभर तिच्याच छातीत होता. तो कधी भिजला, कधी सैल झाला, पाटीतल्या काळ्या पाण्यात कधी उतरला, तिला कळलं नाही. कळलं ते एवढंच, की श्वास पूर्ण आत जातो आहे. पार तळापर्यंत. कडुनिंबाचा कडू-हिरवा वास घेऊन.

बऱ्याच वेळानं ओट्यावरून आवाज आला. खालचा, वाट चाचपडत आलेला.

"तुझ्या तेलानं न्हाई पाडलं मला."

"ऐकलं."

"पण तेल बी काय सरळ न्हवतं तुझं. करडीचं तेल वाळतं. रंगावाणी थर धरतं. चेनला ते चालत न्हाई."

"मग इतकी सालं बोलला न्हाईत ते?"

"तू हात जोडून वतायचीस." तो थांबला. "हात जोडलेल्या बाईला काय सांगायचं?"

सोजरच्या हातातला ब्रश थांबला. तिला वाटायचं, ती ओतताना कुणी बघत नाही.

"माणसाला चोळायचं सोडून लोखंडाला पाजत हुतीस," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पुन्हा तो जुना खट्याळ माणूस आला. "यंदा उरलं तर माझ्या गुडघ्यांना लाव."

यंदा.

उरलं तर.

त्याला ठाऊक नव्हतं तिनं काय ठरवलं होतं. त्यानं सहज म्हटलं होतं, पाऊस पडला तर, पाहुणे आले तर, तसं. पण उरायला आधी भरावं लागतं. भरायला आधी समई घासावी लागते. सोजर आपल्या काळ्या, डिझेलनं माखलेल्या, अंगण-उजेडात चमकणाऱ्या हातांकडं बघत राहिली.

"लावीन," ती म्हणाली.

*

पुढचं सगळं सावकाश झालं.

दुसऱ्यांदा, स्वच्छ डिझेलात साखळी खळबळून काढली. या वेळी धूर उठला नाही. सायकलच्या दातेरी चक्रांच्या दातांत बसलेलं मेणही काडीनं काढलं, कारण अंबऋषी म्हणाला, चेन धुतली आणि दात तसंच ठिवलं तर घाण आपलं घर सोडत न्हाई. जुन्या धोतराच्या फडक्यानं कड्या पुसल्या. मग साखळी कडुनिंबाच्या खालच्या फांदीवर टांगली, आणि वाऱ्यानं तिला वाळवलं. वाऱ्यात ती हलत होती. हलताना तिच्यावरून ऊन वरपासून खालपर्यंत ओघळायचं, पुन्हा वर चढायचं, पुन्हा ओघळायचं.

ती पुन्हा चढवताना माशाचं डोकं चालीकडं आहे की नाही, ते अंबऋषीनं बोटानं बघितलं.

"हाय," तो म्हणाला. "पवतोय."

द्वारकाकडून शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणली होती. पातळ, पाण्यासारखं तेल. प्रत्येक रुळावर एक थेंब. एकच.

"बास?" सोजरनं विचारलं. एवढ्याशा तेलानं तिचं समाधान होत नव्हतं.

"बास. आत जाईल तेवढं कामाचं. वर ऱ्हाईल ते धुळीचं. वरचं पुसून काढ."

"घालायचं आणि पुसायचं?"

"घालायचं आणि पुसायचं."

तिनं घातलं आणि पुसलं. आणि अंबऋषीनं ओट्यावरून खाली येऊन, सायकलजवळ बसून, डाव्या हातानं पायडल उलटं फिरवलं.

साखळी फिरली.

तो मान तिरकी करून ऐकत होता. "ऐकलंस?"

"काय?"

"काय ऐकू आलं?"

"काय न्हाई."

"तेच," तो म्हणाला.

*

ऊन कललं तेव्हा दोघं निघाली. घटाखाली पसरायला रानातली काळी माती आणायची होती, आणि साखळी वाटेवर नेऊन बघितल्याशिवाय तिचं काही खरं नसतं. चालवणारा चालवू शकत नव्हता. जी चालवू शकली असती तिला चालवता येत नव्हतं. म्हणून सायकल मधे घेऊन दोघं पायी निघाली. हँडल सोजरच्या हातात, जन्मात पहिल्यांदा. अंबऋषीचा डावा हात सीटवर.

सायकल पुढं ढकलली की मागचं चाक बोलतं. टिक टिक टिक टिक. बारीक, कोरडं, एकसुरी.

"वळण हाय," सोजर म्हणायची.

तो वळायचा.

"उतार लागला."

तो पाय रोवायचा.

"तुला कुणी शिकवलं असं सांगायला?" त्यानं विचारलं.

"सासूबाईंनी. त्यांना मीच न्यायची ओढ्याला."

टिक टिक टिक.

"घट उठलं की तालुक्याला जायचं," ती म्हणाली. "डोळं दाखवायला."

"बघू."

"बघायसाठीच म्हणतीय."

तो हसला. आधी नाकातून, मग पोटातून. तिनं सायकल थांबवली नाही. हसणं त्यांच्या मागं थोडं रेंगाळलं आणि मग धावत येऊन त्यांना मिळालं.

"जाऊ," तो म्हणाला.

रानाच्या बांधावर तिनं खुरप्यानं माती उकरली. वरची सोडून, आतली. काळी, ओलसर, लोण्यासारखी कापली जाणारी. पिशवी भरून कॅरेजला बांधली. ताठ उभी राहून तिनं कमरेवर हात ठेवले, आणि शेजारच्या रानाकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

कारळं फुललं होतं.

बांधापासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत, टेकडीच्या पायथ्यापासून सूर्यापर्यंत. पिवळं. हळदपिवळं, ऊनपिवळं, नवरीपिवळं. वारा आला की सगळं रान एका अंगावर कलायचं, मग दुसऱ्या अंगावर. मधमाशांचा एक अखंड गुंजारव त्यावर तरंगत होता.

"काय हाय समोर?" अंबऋषीनं विचारलं.

ती सांगणार होती. कारळं म्हणणार होती.

"थांब," तो म्हणाला. "सांगू नगंस."

त्यानं तोंड तिकडं केलं. डोळे बारीक केले नाहीत. आठ्या घातल्या नाहीत. जे येईल ते येऊ दिलं. त्याच्या डोळ्यांतल्या धुक्याला फुलं ठाऊक नव्हती, पाकळ्या ठाऊक नव्हत्या, रानाचा बांध ठाऊक नव्हता. काठ नसलेलं, देठ नसलेलं, नाव नसलेलं एक पिवळं फक्त आलं. ते आलं, पसरलं, त्याच्या चेहऱ्यावर चढलं, पांढऱ्या प्लॅस्टरवर चढलं.

"बाप रे," तो म्हणाला. एवढंच.

सोजर त्याच्या बाजूला उभी राहिली. सूर्य टेकला. पिवळ्यात केशर उतरलं, केशरात राख उतरली. माश्या एकेक करून घरी गेल्या. वारा पडला. आणि दोन माणसं, मधे सायकल, सायकलवर ओली काळी माती, बांधावर तशीच उभी राहिली, उजेड सगळा निघून जाईपर्यंत,

हळू,

हळू,

फुलं मिटेपर्यंत.